थेट दुसऱ्या वर्षाला

सिव्हिलचा डिप्लोमा करून मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. नियमात ते बसतं. वर्गातली मुलं पहिल्या वर्षी कोडिंग शिकत होती, तेव्हा मी पारनेरजवळच्या एका बांधकामाच्या साइटवर टेप धरून पायाची मापं घेत होते. ‘लूप’ हा शब्द मी पहिल्यांदा नगरच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ऐकला आणि शेजारच्या मुलीला त्याचा अर्थ विचारला. ती हसली नाही. मागची रांग हसली.

लॅबचे सर वाईट नव्हते, पण कायम घाईत असायचे. माझा कोरा स्क्रीन बघून ते म्हणाले, “हे बघ, डिप्लोमावाले दरवर्षी येतात. प्रोग्रॅम पाठ करायचे, शेजारणीचं आउटपुट जोडायचं आणि थिअरीच्या मार्कांवर पास होऊन निघून जायचं. आता मुळापासून शिकत बसलीस तर मागे पडशील.”

“मग सर, डिग्री कशाची घ्यायची?”

माझ्या तोंडून गेलंच. “फार बोलतेस,” एवढंच म्हणून ते पुढच्या मशीनकडे वळले.

शनिवारी घरी गेले. आण्णा बांधकामाची कामं घेतात. त्यांना माझं जाणं मुळातच पटलं नव्हतं.

“आपलं चांगलं काम सोडून तिकडं गेलीस,” ते म्हणाले. “अजून येळ हाय. कॉलेजातनं नाव काढून घे.”

“न्हाई काढायची.”

“अगं, पर तुला जमत न्हाई म्हनतीस ना?”

“जमत न्हाई म्हणूनच शिकायला गेले ना, आण्णा!”

आतून आई म्हणाली, “शिकू द्या हो तिला. चोरी करती का काय ती?”

मग मी शिकायला लागले. एसटीत मोबाईलवर व्हिडिओ बघायचे. दुपारच्या सुट्टीत लॅब रिकामी असायची, तेव्हा डबा पटकन संपवून मशीनसमोर बसायचे. स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर यायचा, तो मला शिव्या दिल्यासारखा वाटायचा. शिव्या नीट वाचायच्या असतात, हे कळायला दिवाळी उजाडली. चूक कुठल्या ओळीत आहे, ते त्यातच लिहिलेलं असायचं.

पुस्तकातली उदाहरणं डोक्यात शिरत नव्हती. एकदा वैतागून मी ती बाजूला ठेवली आणि मला येणारं काम मशीनला सांगितलं. भिंतीची लांबी-उंची घे, दारं-खिडक्या वजा कर, विटा किती लागतील ते सांग. भिंती चार, म्हणजे तेच काम चार वेळा. लूप म्हणजे काय, ते तिथं समजलं. उत्तर बरोबर आलं तेव्हा मी रिकाम्या लॅबमध्ये टेबलावर हात आपटला.

सबमिशनला मात्र माझे अर्धे प्रोग्रॅम चालत नव्हते. शेजारची म्हणायची, “माझं घे गं, कुणाला कळतंय?” मी नको म्हणायचे आणि न चालणारा प्रोग्रॅम एररसकट जोडायचे. सर त्यावर लाल रेघ ओढायचे. ओढा म्हटलं. रेघेखालचं अक्षर अन् अक्षर माझं होतं.

प्रॅक्टिकल परीक्षेला बाहेरून मॅडम आल्या होत्या. त्यांनी मला यादी उलटी करायचा प्रोग्रॅम दिला. मी लिहिला, चालवला, तो अडकला. सर मागून येऊन हळूच म्हणाले, “शेजारणीचा झालाय. बघून घे.”

“नको, सर. माझाच चालवते.”

हे मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं. मॅडम माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. मी एरर वाचला, ती ओळ शोधली, दुरुस्त केली आणि यादी उलटी झाली.

“यादी रिकामी दिली तर?” मॅडमनी विचारलं.

“तर बंद पडेल, मॅडम. ते तपासायचं राहिलंय.”

“का बंद पडेल?”

मी सांगितलं. त्या आणखी विचारत राहिल्या, मी सांगत राहिले. एका प्रश्नाचं उत्तर आलं नाही, तेव्हा येत नाही म्हटलं. मार्क जेमतेम बरे पडले. पाठ करून आलेल्या कितीतरी जणांना माझ्याहून जास्त होते.

निकाल लागल्यावर सर जिन्यात भेटले. “चला, निघालीस एकदाची,” ते म्हणाले.

“निघाले नाही, सर. शिकले,” मी म्हटलं आणि रिकाम्या यादीचं तपासायचं राहिलेला तो प्रोग्रॅम पुरा करायला लॅबकडे गेले.