पुतळ्याचं तोंड कुणीकडं

भगवंत गुरुजींचं नाक झालं होतं, कपाळ झालं होतं, मिशाही ठीक जमल्या होत्या. काम अडलं ते डोळ्यांपाशी. कमिटीनं दिलेल्या एकुलत्या एक फोटोत गुरुजी डोळे मिटून बसलेले होते, प्रार्थनेला बसावं तसे. कॅमेऱ्यापुढंसुद्धा त्यांनी डोळे उघडले नव्हते.

मी परभणीत पुतळे करायचो. हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती आणि गावोगावच्या कमिट्यांना पुतळ्यांची हौस सुटली होती. ही ऑर्डर देवगाव फाट्याच्या पलीकडच्या एका वसतिगृहाची. त्यांना बस्ट हवा होता, म्हणजे छातीपर्यंतचा पुतळा, सिमेंटचा. आधी मातीत घडवायचा, मातीवरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, मग साच्यात सिमेंट ओतायचं. साचा घेईपर्यंत सगळं बदलता येतं. नंतर फक्त हळहळता येतं.

मातीच्या डोळ्यात बाहुली रंगवत नाहीत. तिथं एक खळगा करतात. खळग्यात सावली साचते आणि पुतळा बघायला लागतो. खळगा जरा वर गेला की तो आभाळाकडं बघतो, खाली आला की समोरच्या माणसाकडं. गुरुजी कुठं बघायचे, हे मला काही केल्या आठवेना, म्हणून तूर्त डोळे फोटोसारखे मिटलेलेच ठेवले होते.

थंडीचे दिवस होते. दुपारी पत्र्याच्या फटीतून ऊन आत यायचं, मातीवर झाकलेल्या ओल्या गोणपाटातून वाफ निघायची आणि मला स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागायची. अशा पेंगेत गुरुजी यायचे. झरीच्या बाजारात बैलगाडीवर उभे राहून बोलत असायचे, निजामाच्या पोलिसांना न भिता, आपल्या मराठीत. मी मिसरूड फुटलेला पोरगा, गाडीचं चाक धरून ऐकत उभा. आवाज स्पष्ट यायचा. चेहराही दिसायचा. डोळ्यांच्या जागी मात्र नुसतं ऊन असायचं. जाग आली की माती सुकायला लागलेली दिसायची आणि मी चरफडत पाणी शिंपायचो.

गुरुजी तुरुंगात जाऊन आले होते. मेंढरंवाल्यांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या पोरांसाठी त्यांनी ते वसतिगृह काढलं होतं. तिथल्या रेक्टरनं वर्षानुवर्षं पोरांना मारलं, चटके दिले, धान्याच्या कोठीत कोंडलं. शेवटी एक पोरगा पळून पोलीस ठाण्यात गेला आणि सगळं बाहेर आलं. रेक्टर जेलमध्ये गेला. त्याच सुमाराला गुरुजी वारले. त्यांना कुणी काही विचारायचं राहूनच गेलं. जिल्हाभर लोक म्हणायचे, गुरुजींना बिचाऱ्यांना काय माहीत! मीही म्हणायचो. कमिटीनं मग घाईनं पुतळ्याचा ठराव केला. पुतळा बसला की बोलणी बंद होतात, असा कमिट्यांचा समज असतो.

माझी एक रीत होती. साचा घेण्याआधी त्या माणसाला जवळून पाहिलेल्यांना बोलवायचं आणि एकच विचारायचं, "काय खटकतं?" 'जमलंय का' असं विचारलं तर सगळे भिडेपोटी हो म्हणतात. म्हणून कमिटीनं जुने विद्यार्थी पाठवले. कुणाला कान मोठे वाटले, कुणाला मान बारीक. डोळ्यांबद्दल सगळे म्हणाले, "मिटलेलेच ठेवा, शांत वाटतंय."

मग एक जण न बोलावता आला. पंचविशीचा, खांद्यावर घोंगडं.

"राम राम. गुरुजींचा पुतळा तुमीच करायलाव का? मी मारुती. पालमकडचा. मेंढरं हायेत आमची. त्या बोर्डिंगात व्हतो मी."

मी गोणपाट काढलं. "काय खटकतं?"

त्यानं बराच वेळ बघितलं. "डोळे. असे न्हवते."

"तुमी उघडे बघितलेत?"

त्यानं माझ्याकडं पाठ केली आणि सदरा वर उचलला. चटक्यांचे जुने, गुळगुळीत डाग होते.

"रेक्टरनं हे केल्यावर मी रडत गुरुजींकडं गेलो. असाच सदरा वर केला. त्यांनी नीट बघितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मग डोळे मिटले अन् म्हणाले, देवाचं नाव घे बाळा. भाईर बोलू नगंस, संस्था बुडंल."

मला राग आला. आधी मारुतीचा, माझे गुरुजी हिरावायला आला म्हणून. मग गुरुजींचा. तो राग अजून गेलेला नाही.

"मग पुतळा नकोच म्हणता?"

"असं कसं म्हणू? वाचायला त्यांनीच शिकवलं. एसटीची पाटी वाचून आलो मी हितं. आमच्यात आजवर कुणाला अक्षर येत न्हवतं." तो मातीच्या चेहऱ्याकडंच बघत होता. "माय म्हणायलीय, धाकट्याला तिथंच घालू. दुसरी सोय हाय कुठं? पण पुतळा फाटकात बसणार. त्येला रोज ह्या तोंडाम्होरून जायचंय. मिटल्या डोळ्यांम्होरून मी न्हाई धाडणार त्येला. उघडे करा. आता तरी बघू द्या."

तो गेला आणि मी डोळे करायला घेतले. फोटो उलटा करून ठेवला. ऊन भिंतीवरून सरकत खाली आलं तरी मी पापण्यांवर बोट फिरवत होतो. खळगे खाली घेतले. सावली भरली. गुरुजींनी माझ्याकडं बघितलं आणि मला झरीचा तो बाजार पुन्हा दिसला, गाडी दिसली, या खेपेला डोळेही दिसले. ते पाणावलेले होते. मला रडू आलं.

मग लक्षात आलं, फाटकातला पुतळा तर रस्त्याकडं तोंड करून बसणार. म्हणजे गुरुजी एसटी बघणार आणि पाठ पोरांकडं. मी सरळ वसतिगृहाच्या कमिटीचे प्रेसिडेंट असलेल्या वकीलसाहेबांकडं गेलो.

"तोंड आतल्या बाजूला करा," मी म्हणालो.

"अहो, मिनिस्टरसाहेब यायलेत उद्घाटनाला! रस्त्याकडं पाठ करायची?"

"मिनिस्टर एक दिवस येतील. पोरं रोज तिथंच असतात."

"लोक म्हणतील गुरुजी रुसले."

"म्हणू द्या. न्हाईतर मी साचाच घेत नाही."

"ही जिद्द कशापायी?"

मी मारुतीचं नाव सांगितलं. पाठीचंही सांगितलं. वकीलसाहेबांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

"त्याचा बाप आला होता माझ्याकडं," ते हळू बोलले. "मी म्हणलं, गुरुजी आहेत ना, ते बघतील."

"गुरुजींनी बघितलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी पानाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "करा तिकडं तोंड."

उद्घाटनाला मिनिस्टरसाहेबांना हार घालायला वळसा घालून आत यावं लागलं. वकीलसाहेब कपाळाचा घाम पुसत होते. गर्दी पांगल्यावर मारुती आला. बरोबर धाकटा भाऊ आणि पत्र्याची पेटी. त्यानं पुतळ्यापुढं हात जोडले नाहीत. भावाला समोर उभं केलं आणि नव्या रेक्टरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "गुरुजी, ह्यो माझा भाऊ. नीट बघून ठेवा."

नवा रेक्टर पुढं आला आणि त्यानं पोराची पेटी उचलली.

लोक मला विचारतात, एवढं माहीत असून पुतळा केलाच कशाला? गुरुजी मोठे होते म्हणून केला. त्यांनी बघून डोळे मिटले, हेही खरं. यातलं एक सांगताना दुसरं गिळू नये, एवढं मला समजतं.

धंद्यापुरतं म्हणाल तर तेव्हापासून ऑर्डर घेताना मी आधी विचारतो, तोंड कुणाकडं करायचंय? बहुतेक जण म्हणतात, रस्त्याकडं. मी ऑर्डर घेतो. डोळे करायला मात्र वेळ लावतो.