बुरुजात शिरणारे साडू

परभणी जिल्ह्यात असा एकही पडका बुरूज उरला नसेल, ज्याच्या पोटात आमचे साडू रांगत शिरले आणि धुळीने माखून बाहेर आले नाहीत. मानवतहून निघावं, कुठल्याही दिशेला जावं. गावाच्या टोकाला ढासळलेली गढी दिसली, की तिथल्या म्हाताऱ्यांनी साडूंना पाहिलेलं असणारच. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. उभी हयात एसटीत कंडक्टर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर लोक जसे देवाला जातात, तसे हे गढ्यांना जाऊ लागले. रझाकारांच्या धामधुमीत गावोगावच्या लोकांनी याच गढ्यांचा आसरा घेतला होता, बुरुजांवर पहारे बसवले होते. ते दिवस सरले, पहारेकरी खाली उतरले, आणि बुरूज वटवाघळांच्या आणि आमच्या साडूंच्या वाट्याला आले.

मी शाळामास्तर, त्यामुळे रविवारी रिकामा, त्यामुळे अक्का, म्हणजे त्यांची बायको, मला त्यांच्यामागे धाडायची. त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे त्यांचे नियम पाळायचे. चपला बाहेर काढायच्या, आत शीळ घालायची नाही, भिंतीला टेकायचं नाही. बंदुकीची नळी बाहेर काढण्यासाठी बुरुजाच्या भिंतीत तिरकी भोकं असतात, त्यांना जंग्या म्हणतात. प्रत्येक जंगीपाशी साडू पोटावर आडवे होत, डोळा लावत आणि कितीतरी वेळ हलत नसत. मी विचारी, “काय दिसतंय?” ते म्हणत, “वाट दिसायलीय.” “मग?” “वाटंवर कोणी न्हाई.” हे ते अशा आवाजात सांगत, की कुणीतरी यायचं होतं आणि त्याला उशीर झालाय असं वाटे. भर दुपारी माझ्या मानेवर काटा येई.

भीती म्हणून त्यांना नव्हतीच. एकदा बुरुजाच्या अरुंद जिन्यात नाग आडवा आला. मी चार पायऱ्या एका उडीत उतरलो. साडू जागचे हलले नाहीत. तीस वर्षं गर्दी हाकलेल्या आवाजात ते नागाला म्हणाले, “पुढं सरका, पुढं लय जागा हाय.” आणि नाग सरकला. दुसऱ्या एका गावात लोकांनी त्यांना गुप्तधन शोधणारा समजून पारावर बसवून ठेवलं आणि पिशवी उपडी केली. निघालं काय, तर दोन भाकरी, ठेचा, बॅटरी आणि सुताचा दोर. पोलीस पाटलांनी विचारलं, “मग तुमी शोधायलाव तरी काय?” साडू सांडलेल्या भाकरी पुन्हा फडक्यात बांधू लागले. शेवटी पाटलांनीच चहा पाजून त्यांना सोडून दिलं.

पण त्यांची एक सवय मला अजिबात सोसत नसे. गढीतून निघताना ते मागे वळत आणि शेवटच्या थांब्यावर रिकाम्या गाडीत विचारावं तसं अंधारात विचारत, “आत कोणी राहिलंय का?” मग श्वास रोखून उभे राहत. जुनी सवय म्हणून मी हसण्यावारी नेई, आणि त्यांच्याआधी उन्हात जाऊन उभा राही.

दोन वर्षांपूर्वीच्या माघातली गोष्ट. पाथरीच्या पलीकडे, गाव केव्हाच उठून गेलेल्या एका पांढरीवर आम्ही पोचलो. गावाचं नुसतं मातीचं टेकाड राहिलं होतं आणि त्यावर एकच बुरूज. वारा पडलेला. पाखराचा आवाज नाही. बुरुजाला तीनच जंग्या होत्या आणि मधलीतून नदीचं वळण दिसत होतं. ते पाहून साडू उठले आणि अंगाची धूळही न झटकता खाली उतरले. बुरुजाच्या पायाशी पेव होतं, धान्य साठवायचा खोल खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. साडू काठावर गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

खालून “हूं” असं आलं.

झोपेतल्या लेकराला हाक मारल्यावर ते देतं, तसं. मी ऐकलं. आजही शपथेवर सांगेन. मी दोन पावलं मागे सरलो. साडू मात्र पेवात वाकून, मी कधी ऐकला नव्हता इतक्या मऊ आवाजात म्हणाले, “मावशे, मी शेवंताचा लेक हाय.”

पुन्हा काही आलं नाही. बॅटरी मारली, तर तळाशी माती आणि साळिंदराचे दोन काटे. “साळिंदर असेल,” मी म्हणालो. “आसंल,” ते म्हणाले, आणि तिथेच बसून त्यांनी मला ते सांगितलं जे अक्कालाही कधी सांगितलं नव्हतं.

रझाकार आले तेव्हा त्यांची आई नऊ वर्षांची होती. घर सोडून पळालेल्या बायकापोरांना वाटेतल्या एका गढीच्या पेवात उतरवलं. तीन वर्षांच्या बहिणीचा हात धरून ठेव, असं आईला बजावलं होतं. पहाटे दोर सोडून घाईघाईने एकेकाला वर काढलं, आणि दोर धरताना तिने तो हात सोडला. पळापळीत पोर खाली राहिल्याचं कळलं तेव्हा मधे कितीतरी कोस पडले होते. तिसऱ्या दिवशी आजोबा परतले, तर पेव रिकामं. त्यांनी त्या गावाचं नाव घरात पुन्हा काढू दिलं नाही. आईला आठवत होत्या तीन जंग्या आणि नदी. “गेल्या साली मेली,” साडू म्हणाले. “शेवटल्या दिवसांत सारखी मूठ आवळायची.”

जवळच्या वस्तीवर एक नव्वदीचा म्हातारा बाजेवर पडलेला होता. सगळं ऐकून तो कोपरावर भार देऊन उठून बसला. मग म्हणाला, “पेवातली पोरगी व्हय? ती धनगरानं काढली. रडायलीच नव्हती. मेंढरांसंग घेऊन गेला. येलदरीकडं दिली तिला.”

त्या पोरीचा माग काढत साडू येलदरीला चार वेळा गेले. पाचव्या वेळी मला घेऊन गेले. धरणाच्या अलीकडे मासे धरणाऱ्यांची वस्ती, तिच्या टोकाला एक घर. दारात एक म्हातारी बसली होती, नजर गेलेली. सून म्हणाली की सासूबाईंना घरात झोप येत नाही, थंडीतही अंगणातच निजतात. का, ते कुणाला ठाऊक नाही. म्हातारीला बहीण आठवत नव्हती, दोर आठवत नव्हता. ती तीच होती की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. साडूंनी विचारलंही नाही. ते तिच्यापाशी खाली बसले, आणि तिने चाचपडत त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

ऊन उतरलं तशी तिने विचारलं, “कोणाचा रं तू?”

“शेवंताचा.”

तिने ते नाव दोनदा तोंडातल्या तोंडात घोळवलं. “मग ती का आली न्हाई?”

साडूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे. “तिचे गुडघे लय दुखायलेत मावशे,” ते म्हणाले. “म्हणून मला धाडलं.”