नाही म्हणण्याची चैन

बेन्त्से गेल्याची बातमी मला सामान घेऊन आलेल्या इरफानने दिली. इरफान चिपळूणचा. दिवसभर मोटारसायकलवरून लोकांच्या घरी जेवण आणि किराणा पोचवतो. कुवेतमधल्या सबाह अल-सालेम भागातल्या आमच्या दारात पिशवी ठेवून तो तसाच उभा राहिला, हेल्मेटही काढलं नाही. "ताई, बेन्त्सेभाई गेले... फहाहीलच्या रस्त्यावर गाडीने उडवलं. सकाळी हॉस्पिटलात..." हेल्मेटच्या काचेआड तो रडत होता. मला धक्का बसला, पण त्यापाठोपाठ मनात जे आलं तेही लिहिते, कारण खोटी श्रद्धांजली लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी. मनात आलं, या कामगारांसाठी मी इतकी वर्षं लिहितेय. माझ्यासाठी यांच्यातलं कोण असं दारात उभं राहून रडेल?

बेन्त्से हंगेरीचा. सेगेदला आजीजवळ वाढला, बुडापेस्टला शिकला आणि तिथे घरगुती जॅम विकणारं एक संकेतस्थळ काढून त्याने ते साफ बुडवलं. ही बुडण्याची गोष्ट तो इतक्या रंगात येऊन सांगायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, आपणही एकदा काहीतरी बुडवून पाहावं. आमच्या घरांत अपयश दार लावून सांगतात. मग एका कंत्राटदाराकडे सॉफ्टवेअरचं काम घेऊन तो कुवेतला, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत आला. माझे बाबा तिथेच देखभालीचे इंजिनिअर. एका शुक्रवारी त्यांनी त्याला जेवायला आणलं, आणि मग तो येतच राहिला. पहिल्या वेळी आजीने दिलेली पाप्रिकाची, म्हणजे तिकडच्या लाल तिखटाची, पुडी घेऊन आला. आईने ती बटाट्याच्या भाजीत रिकामी केली, चव पाहिली आणि मला म्हणाली, "रंग झकास आहे गं, पण तिखट कुठाय?" मी त्याला इंग्रजीत सांगितलं, तर सगळ्यांत मोठ्याने तोच हसला. थोड्याच दिवसांत तो बाबांना काका म्हणू लागला, तेही असं, की जणू आमच्या नाशकातच वाढला आहे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. नाशिकला माझा मामा कामगार संघटनेची पत्रकं छापायचा. सुट्टीत मी त्याच्याकडे असायचे आणि मराठी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' पासून. बाबांनीही तरुणपणी ती पत्रकं सातपूरच्या कारखान्यांच्या दारात उभं राहून वाटली होती. इथे आल्यावर ते गप्प झाले. मी लेख लिहिते, ते वाचतात, घडी घालतात आणि म्हणतात, "चांगलं आहे. जपून लिही." बेन्त्सेचं मात्र ते तासन्‌तास ऐकायचे, मधेमधे प्रश्न विचारायचे, जे त्यांनी मला कधी विचारले नाहीत. आणि बेन्त्सेला तर पत्रकांचं हसूच यायचं. "माझी आजी जॅमच्या बरण्यांवर पत्रकंच बांधायची," तो म्हणाला होता. "आमच्याकडे ती सरकार वाटायचं. कागद चांगला जाड असायचा." मी चिडून म्हटलं, "आमची पत्रकं सरकार उचलून न्यायचं." "मग तुमच्या बरण्या उघड्याच राहत असतील!" ...बाबा, माझे बाबा, पानावरून उठेपर्यंत हसत होते.

कुवेतमध्ये अनेक घरांच्या बाहेरच्या भिंतीला थंड पाण्याचा कूलर असतो. घरातलं माणूस गेलं की त्याच्या नावाने लावतात. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं, पुण्य गेलेल्याला. सबील म्हणतात. माझा जन्म इथला, मी ते रोज पाहत आले. त्यावर एक जळजळीत लेखही लिहिला होता, की तहानलेल्या कामगाराला दान नको, दुपारची हक्काची सुट्टी हवी. बेन्त्सेने तो लेख माझ्याकडून ओळ न्‌ ओळ समजून घेतला आणि विचारलं, "म्हणजे हे कूलर कुठे कुठे आहेत, ते कुणालाच नीट माहीत नाही?" बस, एवढंच. त्याने नोकरी सोडली, एक कुवेती भागीदार शोधला, बनेद अल-गारमध्ये एका खोलीचं ऑफिस थाटलं आणि डिलिव्हरीवाल्यांसाठी मोबाइलवर नकाशा बनवला. जवळचं पाणी कुठे, सावली कुठे, मोटारसायकल कुठे लावता येईल. सुट्टीच्या दिवशी स्वतः डिलिव्हरी करत हिंडायचा. काम अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही म्हणायचा. नाव काय ठेवावं हे त्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "सावली." घरातली लेखिका मी, आणि शब्द दिला रिफायनरीतल्या इंजिनिअरने! मी इरफानला विचारलं, माझा लेख वाचलास का? "भारी लिहिता म्हणे, ताई," तो म्हणाला आणि नकाशा उघडून निघून गेला.

मग बेन्त्सेकडे डिलिव्हरीची एक मोठी कंपनी आली. तिला 'सावली' हवी होती, पण नकाशासाठी नव्हे. कोणता माणूस कुठे थांबला, किती वेळ थांबला, हे पाहायला. म्हणजे पाणी प्यायला टेकलेल्याला त्याच संध्याकाळी जाब विचारता येईल. मला खात्री होती, हा विकणार. उद्योगवाले दुसरं काय करतात? त्याच्याविरुद्धचं पत्रक माझ्या मनात शीर्षकासकट तयार होतं. शुक्रवारी तो जेवायला आला, आमटी वाढून घेतली आणि म्हणाला, "नाही म्हटलं. तरी त्यांनी खजूर दिले. फार छान होते." बाबा उठले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला राहवलं नाही. "खिशात तुझ्यासारखा पासपोर्ट असला की नाही म्हणणं सोपं असतं," मी म्हटलं. "इथून घालवलं तर आजीकडे जाशील." तो घास चावत राहिला. "खरं आहे," म्हणाला. "म्हणून तर 'नाही' मी म्हणायला हवं ना?" मला ते डाचलं. त्याहून जास्त डाचलं ते हे, की त्याला विकत घ्यायला कुणीतरी आलं तरी होतं. माझी तत्त्वं कधी चुलीवर न चढलेल्या भांड्यासारखी लखलखीत होती. त्यांना आच लागलीच नव्हती.

बेन्त्से गेल्यावर काही आठवड्यांनी त्याचा भागीदार आमच्याकडे आला. सभ्य माणूस, दुःखीही होता. त्या कंपनीशी बोलणी पुन्हा सुरू झाली होती. डिलिव्हरीवाल्यांना मराठीत, हिंदीत संदेश लिहायला त्यांच्यातलंच माणूस हवं होतं, ज्याच्यावर ते विश्वास ठेवतील. "तू बेन्त्सेच्या घरचीच," तो म्हणाला. "तुझा इकामा कंपनी करील. इथली आहेस, इथेच राहा." इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, माझा बाबांच्या नोकरीला बांधलेला आहे, आणि बाबा लवकरच निवृत्त होतायत. ते निघाले की मीही निघायचं, जिथे फक्त सुट्ट्या काढल्या त्या नाशिकला. बाबा समोर बसले होते. माझ्याकडे पाहत नव्हते.

मी नाही म्हटलं. वाटलं होतं, आवाज खणखणीत येईल. तो चिरकला. बेन्त्से 'नाही' हसत, आमटी वाढून घेत म्हणाला होता. मला पायाखालचं गाव सुटल्यासारखं झालं... भागीदार चहा अर्धा टाकून गेला. आई इतकंच म्हणाली, "नाशकात थंडी असते बाई, स्वेटर घ्यावे लागतील."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसलो तर टेबलाशी एक खुर्ची कमी. शुक्रवारी बेन्त्से बसायचा ती. गॅलरीतून खाली पाहिलं. समोरच्या घराच्या कूलरशेजारी, भिंतीच्या सावलीत ती ठेवलेली होती आणि तिच्यावर एक डिलिव्हरीवाला पाय लांब करून डोळे मिटून बसला होता.

"बाबा, आपण गेल्यावर कुणीतरी उचलून नेईल ती."

"नेणार नाही," बाबा म्हणाले. "बसतील."

माझा जन्म इथला, तरी या शहरात मागे राहील असं माझं काही नाही. त्याची खुर्ची आहे. बाबांनी ती त्याच्या आठवणीसाठी ठेवली, की मी नाही म्हटलं म्हणून, हे मी विचारलेलं नाही. त्याच्यासाठीच असणार, असं धरून मी रोज दुपारी गॅलरीत जाते, कोण बसलंय ते पाहते आणि जळते.