साडूंचा उजेड

कुठल्याही दुखण्यावर उजेड हे एकच औषध आहे असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बोरीच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे. भाड्याच्या घराचं साणं, म्हणजे माळवदाला उजेडापुरतं ठेवलेलं भोक, त्यांनी स्वतः पहार घेऊन एवढं रुंद केलं की पावसाळ्यात घरमालक त्यातूनच खाली डोकावून शिव्या देऊन गेला. माझ्या लग्नात पंगत मांडवाबाहेर उन्हात बसवायचा हट्ट त्यांनी धरला. सासरे वैतागून म्हणाले, "आवो, आमी काय झाडं हाव का?"

"झाडं असता तर गुमान बसला असता," साडू म्हणाले.

त्यांचा जीव होता एका प्रयोगावर. ओढ्यातलं शेवाळ काचेच्या भांड्यात बुडवायचं, त्यावर उलटं नरसाळं, आणि शेजारी गॅसबत्ती, कारण शाळेत वीज नव्हती. बत्ती जवळ सरकवली की शेवाळातून बुडबुडे भराभर निघत, लांब नेली की रेंगाळत. "उजेड वाढला की पान कसं जोरात कामाला लागतंय बघा," असं ते येईल त्याला ऐकवत, मग तो दूधवाला का असेना.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, क्षय झाला. तिला आम्ही अक्का म्हणायचो. जिंतूरच्या डॉक्टरांनी सुया लिहून दिल्या आणि जाता जाता म्हणाले, "हवेशीर उजेडात ठेवा." झालं. सुया देण्यात साडूंनी कसूर केली नाही, पण खरा भरवसा उन्हावर. बाज सकाळी अंगणात, दुपारी ओसरीच्या कडेला, ऊन कलेल तिकडं. "ह्यांनी मला कुंडीतलं झाड केलंय," अक्का मला म्हणाली आणि हसली, तर खोकला थांबेना. ती वाळत चालली तसे हे बाज आणखी उन्हात ओढू लागले. मला त्यांचा राग यायचा, आणि या माणसाला दुसरं काही येतच नाही हे कळून रडूही यायचं.

फाल्गुनात एका तिन्हीसांजेला अक्काची करमणूक म्हणून त्यांनी तो प्रयोग ओसरीवर मांडला. बत्ती जवळ आली, बुडबुडे वाढले. आणखी जवळ, आणखी वाढले. पण एका जागेनंतर बत्ती भांड्याला टेकली तरी बुडबुडे तेवढेच. साडू हेही दरसाल वर्गात शिकवत होते, तरी ते बत्ती रेटतच राहिले.

अक्का पडल्या पडल्या म्हणाली, "पुरं झालं त्याला. उजेड न्हाई कमी पडायला. दुसरंच कायतरी कमी हाय."

साडूंनी बत्ती विझवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाज आत सावलीला नेली. कितीतरी दिवसांनी अक्का गाढ झोपली. पाडवा काही तिनं पाहिला नाही.

दहाव्याहून परतताना साडू वाटेतच थांबले. "शेवाळाला पाण्यातला वायू कमी पडतो, तसं पुस्तकात हाय," ते म्हणाले. "हिला काय कमी पडलं व्हतं, साडूभाऊ?"

ऊन मी म्हणत होतं. मी त्यांना हाताला धरून लिंबाच्या सावलीत नेलं, आणि कधी नव्हे ते त्यांनी ऐकलं.