ठकुबाईच्या गोठ्याची कडी

पडदा वर जातो तेव्हा समोर भाटघरच्या ठकुबाईचा गोठा दिसतो. फाल्गुनातली दुपार. उजवीकडून पोरांचा गलका, होळीसाठी गोवऱ्या-लाकडं पळवायला निघालेली. डावीकडे दगडावर कुंडलिक, मांडीवर फौजदारी कायद्याचं जाडजूड पुस्तक. साल एकोणीसशे सदतीस. आमची नाटक कंपनी बंद पडली होती म्हणून मी गावी होतो, नाहीतर हा प्रवेश माझ्या नशिबी नव्हता.

पुण्याला कायदा शिकायला गेलेला आमच्या गावचा हा पहिलाच. बाप रखमाजी त्याच्यासाठी दर महिन्याला मोटारीवर ज्वारीचं पीठ धाडायचा. परीक्षा आठ दिवसांवर, आणि हा म्हणे बसणारच नाही.

"का रे?" मी विचारलं.

"चोरानं वकील व्हायचं कसं?"

मग सगळं बाहेर आलं. सात वर्षांपूर्वीच्या होळीला ठकुबाईच्या गोठ्यातला नांगर आम्ही दोघांनी ओढून नेऊन होळीत टाकला होता. होळीचं लाकूड पळवलं तर आमच्याकडे कुणी चोरी म्हणत नाही; शिव्या देतात नि विसरतात. पण त्या वर्षी ठकुबाईचा नवरा नुकताच वारला होता. पुढं तिनं शेतही वाट्यानं देऊन टाकलं.

"तू रीत म्हनून वढलास," कुंडलिक म्हणाला. "म्या रागानं. चिंचा पाडल्या म्हनून तिनं मारलं हुतं मला. पुस्तकात हेतू बघत्यात. काम एकच, पन तू सुटतूस आन् म्या अडकतो."

मला ठाऊक ते नाटकातले गुन्हे. तिथं खलनायक विंगेतून येतानाच ओळखू येतो.

एवढ्यात ठकुबाई शेणाची पाटी घेऊन आली. कुंडलिक उठला आणि हात जोडून सगळं बोलून गेला.

तिनं पाटी खाली ठेवली. "दाराची कडी म्याच काढून ठिवली हुती. कारभारी गेल्यावर त्यो नांगर बघवंना. म्हनलं, न्हेऊ द्या पोरांना."

कुंडलिकनं घाईघाईनं पानं उलटली. "ज्याची वस्तू त्याची संमती आसंल तर चोरी न्हाई. पन मला कुठं ठावं हुतं, मावशे? म्या तर चोरीच करत हुतो."

"ते तू आन् तुझं पुस्तक बघा. पन जाताना दार उघडं टाकलंत, वासरू सुटून रानात ग्येलं. त्याला हाय का कलम?"

कुंडलिक पुन्हा पानं उलटायला लागला. दिवेलागणीला त्याला बोलवायला गेलो, तरी उलटतच होता.

दुसऱ्या दिवशी मी त्याला भोरला पुण्याच्या मोटारीत जवळजवळ कोंबलं. म्हटलं, "चोर आहेस की नाहीस, ते परीक्षकाला ठरवू दे." पुढं तो वकील झाला, पुष्कळांच्या उपयोगी पडला. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या दिवशीचाच कुंडलिक आहे. मोटार हलली तशी त्यानं मान बाहेर काढली.

"आरं, तिला इचारायचंच ऱ्हायलं. वासरू घावलं का?"