बटणाच्या सावलीसाठी

परंड्यात मी मराठी टायपिंगचा क्लास चालवते, आणि सरावाचा प्रोग्रामही मीच लिहिलाय. तो ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कुणीही फुकट घ्यावा, बदलावा. इंटरनेटवरून हौशी मंडळी जोडली गेली, त्यांचा गट झाला आणि पहिलीच मागणी आली: टूलकिट बदला.

टूलकिट म्हणजे खिडक्या, बटणं, लिहायचे चौकोन असं तयार मिळणारं सामान. माझं जुनं, दिसायला राखाडी. त्यांना हवं होतं ते देखणं, पण पोटात अख्खा ब्राउझर घेऊन येणारं. क्लासच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरांवर लावून पाहिलं, तर ते मधेच गोठायचं. आमच्याकडं सरावाला पोरींच्या हातांवर टॉवेल टाकतात, बोटांकडं बघू नये म्हणून; नजर शेजारच्या छापील उताऱ्यावर. त्यामुळं पोरी आपल्या बडवतच राहायच्या, आणि मान वर केली की स्क्रीनवर अर्धाच उतारा. परीक्षा तोंडावर आलेली. नवी मशिनं घ्यायची तर फी वाढणार, आणि फी वाढली की खेड्यावरून एसटीनं येणाऱ्या निम्म्याजणी घरी बसणार. ते मी होऊ देणार नव्हते.

व्हिडिओवरच्या बैठकीत स्क्रीनवरच्या बटणाच्या सावलीवर काथ्याकूट सुरू झाला. गडद ठेवायची की फिकी! माझं डोकंच फिरलं. चालू क्लासमधूनच बोलत होते, तसाच लॅपटॉप उचलला आणि कॅमेरा पोरींकडं फिरवला.

"ह्यातली एक तरी स्क्रीनकडं बघतीय का? मग ही सावली कुणासाठी?"

पुण्याच्या एकानं घसा खाकरला. "मॅडम, तुमच्या एका क्लाससाठी सगळ्या प्रोजेक्टनं मागं राहायचं का?"

"नका राहू. तुमी जावा पुढं. मी जुन्या टूलकिटवाल्या प्रोग्रामची प्रत घेते आन् वेगळी होते. कोड खुला हाय, कुणाला इचारायची गरज न्हाय."

"एकट्या किती दिवस सांभाळणार?"

"ही मशिनं चालतील तवर," मी म्हणाले. "आन् बंद पडली तर स्क्रू-ड्रायव्हर बी हाय माझ्याकडं."

मागं पोरी खुदकन हसल्या, पण टॉवेलाखालचं एकीचंही बोट थांबलं नाही.