आत्याच्या वर्तणुकीचा दाखला

इंग्रजांच्या अमदानीत आणि पुढे आपल्या राज्यात मिळून साताऱ्याच्या आमच्या पेठेतल्या पोलिसचौकीने जेवढ्या तक्रारी लिहून घेतल्या, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या आत्याच्या असतील. आठवड्यातून एकदा, पूजा आटोपली की पदर सारखा करून ती चौकीत हजर. कुणाची शेळी तुळशीचा शेंडा खाऊन गेली, वाळत घातलेल्या कुरडयांतल्या नेमक्या सात कमी भरल्या, कुठलंही कारण तिला चाले. एकदा तर समोरच्यांच्या पोपटाने शिवी दिली म्हणून गेली. हवालदार काकुळतीला येऊन म्हणाले, "आवं आत्याबाई, पाखराला काय बेड्या घालू व्हय?" त्यावर ही शांतपणे म्हणाली, "ते तुमचं तुम्ही बघा. माझं काम सांगायचं. लिहा." आणि हवालदारांनी लिहिलं. मी तिच्याकडे राहून शाळेत मास्तरकी करत होतो. चौकीवरून जाताना मान खाली घालून जायची मला सवयच लागली होती.

अशा बाईसाठी पोलिसांकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचं माझ्या कपाळी आलं. माझी धाकटी बहीण तेव्हा नैरोबीला होती. तिचे यजमान तिथे रेल्वेत कारकून. पहिलं मूल बाळंतपणातच गेलं होतं. दुसऱ्या खेपेला तिने पत्रात एवढंच लिहिलं, 'आत्या आली तरच माझा निभाव लागेल.' आमची आई कधीच गेलेली, आणि घरातली सगळी बाळंतपणं आत्याच्याच हातची. सातव्या महिन्याच्या आत बोट गाठायला हवी होती. त्यासाठी परवाना, आणि परवान्यासाठी या पासष्टीच्या बाईने कुठे गुन्हा केलेला नाही असा पोलिसांचा कागद हवा होता, तोही जन्मगावाहून आणि राहत्या गावाहून, दोन्हीकडून.

आत्याचं माहेर सांगली. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं, जुनी दप्तरं बोचक्यांत बांधून पडली होती. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला आत्या स्वतः आली. कारकुनाने विचारलं, "इथे असताना काही गुन्हा वगैरे?" आत्या म्हणाली, "अकराव्या वर्षी लग्न होऊन गेले. त्याआधी एकदा गणपतीपुढचा मोदक उचलला होता. लिहायचा असेल तर लिहा." कारकून पोट धरधरून हसला आणि त्याने शिक्का मारला. मला मात्र हसू आलं नाही. माझी वर्षाची सगळी किरकोळ रजा संपली होती.

साताऱ्यात तर सगळे ओळखीचे, तेव्हा काम चुटकीसरशी होईल असं वाटलं होतं. पण चौकीवर नवे फौजदार आले होते आणि ते नियमावर बोट ठेवणारे निघाले. बुकात नाव असेल तर त्या नावावरचं प्रत्येक प्रकरण मिटल्याशिवाय दाखला नाही, मग नाव आरोपीचं असो की फिर्यादीचं. हवालदारांनी कपाळाला हात लावला आणि बुकांची चळत टेबलावर आणून ठेवली. तीन दिवस शाळा सुटल्यावर मी तिथे बाकावर बसून पेंगत होतो आणि आत्या एकेक तक्रार मागे घेत सह्या करत होती. शेळीला क्षमा झाली, कुरडया सोडून दिल्या. पोपटाच्या वेळी मात्र "यापुढे तोंड सांभाळायला सांगा" अशी अट तिने घातलीच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांत जुनं बुक निघालं. त्यातली एकच तक्रार उरली होती. आत्याने टाक खाली ठेवला. "ही नाही."

माझा संयम सुटला. "आत्या, तिकडे पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुला अजून कुरडया आठवतायत?"

हवालदारांनी बुक माझ्याकडे फिरवलं. त्यात माझ्या आतेभावाचं, तिच्या एकुलत्या एक मुलाचं वर्णन होतं. रंग सावळा, डाव्या भुवईवर व्रण, अंगात निळा सदरा. महायुद्धाच्या दुसऱ्या वर्षी मॅट्रिक नापास होऊन तो घरातून निघून गेला होता. घरी आत्या त्याचं नावही काढत नसे, म्हणून तिने आशा सोडली असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

हवालदार हळूच म्हणाले, "मास्तर, शेळीचं लिवून झालं की उठता उठता इचारत्यात, बाकी काय कळलं का म्हणून. आमी म्हनतो, न्हाई अजून. लय वर्सं झाली."

इतकी वर्षं मी एका घरात तिच्या हातचं जेवत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आत्या फौजदारांना म्हणाली, "पोरीकडे जायला माझा जीव तुटतोय, साहेब. पण ही मी मिटवली, तर त्याला शोधायचं कुणी?"

फौजदारांनी बुक पुढे ओढून ती नोंद वाचली. मग त्यांनी ते मिटून बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या हाताने दाखला लिहिला. बाईंवर कसलाही गुन्हा नाही; त्यांची एक फिर्याद आमच्याकडे आहे, तिचं उत्तर आम्ही अद्याप देऊ शकलेलो नाही.

आत्या बोटीने गेली. बहिणीला मुलगी झाली, दोघी सुखरूप असल्याचं पत्र आलं. पत्राच्या खाली आत्याच्या वेड्यावाकड्या अक्षरात एकच ओळ होती, 'चौकीवर जातोस ना?'

मी गेलो नव्हतो. त्याच दिवशी गेलो. सांगायला काही तक्रार नव्हती, आणि जे विचारायचं ते तोंडातून फुटेना. नुसता टेबलाशी उभा राहिलो. हवालदारांनी लिहिता लिहिता वर पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "न्हाई मास्तर, अजून न्हाई. बसा जरा."